सतरा इंची चाकं

३ मार्च
मेहुणा नवी गाडी दाखवायला आला. वडील, म्हणजे आमचे नाना, तिच्याभोवती एक चक्कर मारून चक्क ‘वा’ म्हणाले. त्यांचीच जुनी गाडी वीस वर्षं मी सांभाळतोय, मला जन्मात एक ‘वा’ नाही! डोकंच फिरलं. ठरलं. गाडीला सतरा इंची चकचकीत अलॉय चाकं, त्यावर बुटके लो-प्रोफाइल टायर. नाना ‘वा’ म्हणणार म्हणजे म्हणणारच.

५ मार्च
मिस्त्री म्हणतो, सस्पेन्शन थकलंय, नका करू. याला धंदा कळत नाही. बायको म्हणाली, गुडघे गेलेल्या माणसाला उंच टाचांचे बूट कशाला? हिला गाडी कळत नाही.

१० मार्च, संध्याकाळी ६
बसवली! काय दिसतेय गाडी! जुनी स्टेपनी भंगारात टाक म्हटलं, तर नानांनी मिस्त्रीला ती डिकीत ठेवायला लावली. कसला हा चिकटपणा! नव्या टायरांकडे बघून म्हणाले, हवा कमी वाटतेय.
संतापलोय. आज जेवणार नाही.

रात्री ९
थोडं जेवलो.

१२ मार्च
मागून खर्रर्र आवाज. मिस्त्री म्हणाला, मागे माणसं बसली की टायर घासणार. म्हणजे दोष माणसांचा! बायकोला वजन विचारलं. तेव्हापासून अबोला.

१५ मार्च
नवा नियम: मागे कुणी बसायचं नाही. बायको आणि मुलगी बसने जातात. जाऊ देत. पण हसत कशाला जातात?

१९ मार्च
नाना आज कमरेला पट्टा बांधून गाडीत बसले. सरळसरळ टोमणा. स्पीडब्रेकरवर मुद्दाम कण्हले.

२४ मार्च
मेहुण्याकडे जेवायला निघालो. नाना पुढे, बायको-मुलगी बसने. वाटेत खड्डा. धाड! टायर फाटला, रिम वाकली. रस्ते बांधणाऱ्यांना आधी फटके द्यायला हवेत! नाना म्हणाले, जावयाला फोन कर. मेलो तरी करणार नाही म्हटलं. तेवढ्यात बस गेली. खिडकीतून मुलीने हात हलवला.
डिकीतून ती जुनी स्टेपनी काढली. अर्धा तास घाम गाळून बसवली. नाना हळूच उतरले, कमरेवर हात ठेवून वाकले, त्या काळ्या, बारक्या चाकावरून हात फिरवला आणि म्हणाले, वा!
बसवली कुणी? मीच ना? मग ते मलाच म्हणाले.