वेताळाची आतली बाजू

७ एप्रिल
बाबांना जाऊन दीड महिना. हरसूलहून चुलतभावाचा, किसनदादाचा फोन. यंदा बोहाड्यात, गावच्या मुखवट्यांच्या उत्सवात, बाबांचं वेताळाचं सोंग तो नाचवणार. घराण्याचा मान, मुलीकडे थोडाच येतो! "मुखवटा नाकावर लय टोचतो गं. रविवारी आतून खरवडतो."
हो म्हटलं. काय म्हणणार? फोन ठेवून रडले.

८ एप्रिल
कामात लक्ष नाही. आतून तो मुखवटा म्हणजे बाबाच. टोचेल तिथं दरवर्षी थोडं थोडं खरवडून लाकडात त्यांचंच तोंड उतरलंय.
सरांना विचारलं, थ्रीडी स्कॅनर दोन दिवस गावी नेऊ? अंबडच्या कंपनीत मी त्यावर पंपाचे ओतीव भाग मोजते. उजेडाचे पट्टे टाकायचे, ते जसे वाकतात तसा आकार कळतो. सर म्हणाले, "जपून ने." भला माणूस.

११ एप्रिल, शनिवार, हरसूल
स्कॅनमध्ये कपाळ आलं. गाल, हनुवटी आली. नाकाचा खळगा येईना. घामातेलानं इतका चकचकीत झालाय की उजेड नुसता परत उडतो. स्क्रीनवर तिथं भोक. कोन बदलले. भोकच.
उपाय रोजचाच, पांढरा स्प्रे. चकाकी जाते. पण तो सगळीकडे बसतो, मग ओल्या फडक्यानं पुसायचं. डबा घेतला, मुखवटा जवळ धरला आणि वास आला. तंबाखू, खोबरेल, घाम. बाबा! पुसलं की हाही जाणार. आणि नाही मारला तर नाक उद्या…
डबा खाली ठेवला. मेला डबा.

११, संध्या.
आतली बाजू कॉम्प्युटरवर उलटून चेहरा केला. आईला दाखवला. स्क्रीनवर हात फिरवून म्हणाली, "नाकाबिगर बी वळखू येतो तुझा बाप."
दोघी रडलो. नंतर भाकरी थापता थापता म्हणाली, "पण नाक चांगलं व्हतं गं त्याचं."

१२ एप्रिल
किसनदादा सकाळीच आला, पटाशी घेऊन. बिचारा ओट्यावर बसलाय. "व्हऊ दे तुझं. माझी घाई नाय."
आई म्हणाली, "मार तो फवारा." मी डबा हलवला. तर लगेच, "थांब, आधी मला दे जरा."
मुखवट्यात तोंड घालून बसली आहे. अजून बाहेर काढलं नाही.