आमच्या आडनावाची थोर माणसं

४ मार्च
मिळालं काम! आमच्या आडनावाच्या मंडळाचा ग्रंथ निघतोय – आडनावातली सगळी थोर माणसं एकाच पुस्तकात. संपादक मी! घरातली पहिली पदवीधर असल्याचा पहिलाच फायदा. बाबा शेजारीपाजारी सांगून आले. आई म्हणाली, "पण आहेत का आपल्यात थोर माणसं?"

७ मार्च
आईचा प्रश्न रास्त होता. आतापर्यंत सापडलेले थोर: मंडळाच्या अध्यक्षांचे भाऊ, जे दर निवडणुकीत पडतात. एक मिशीवाले – मिशी हेच कार्य. आणि एका मंत्र्याची दाढ उपटलेले दंतवैद्य.
तरी नेटाने लिहितेय. खरं लिहायचं, पण प्रेमाने.

११ मार्च
खरीखुरी थोर व्यक्ती सापडली, तीही घरातच – आत्या! एकोणिसाव्या वर्षी विक्रमी वेळात खाडी पोहून गेली. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. पान लिहून अध्यक्षांपुढे ठेवलं.
"छान. पण हिचं लग्न झालंय ना?"
"पोहली तेव्हा नव्हतं झालं."
"दिलेल्या मुली धरायच्या नाहीत, पोरी. आलेल्या सुना धरायच्या. मंडळाचं ठरलंय तसं."
म्हणजे अध्यक्षांची सून, जिने चित्रकलेचा वर्ग अर्ध्यात सोडला, ती थोर. आत्या बाद! कडाकडा भांडले. "फार शिकलीस," एवढं ऐकून परत आले.

१२ मार्च
बाबा तरी बहिणीची बाजू घेतील वाटलं. "नियमच आहे म्हणतात तर..." म्हणाले आणि पेपरात तोंड खुपसलं.

१५ मार्च
पानासाठी आणलेला फोटो परत द्यायला आत्याकडे गेले. सगळं सांगून टाकलं. आतोबा – तिचे यजमान – खूश! "बरंच झालं. पोहायच्या कपड्यातला फोटो कशाला हवा पुस्तकात?" लग्न झाल्यापासून आत्याला पाण्यात उतरायची परवानगी नाही. आंघोळ तेवढी चालते.
तिने मला एवढंच विचारलं, "मग माझं पोहणं कुणाचं गं?"
अशा प्रश्नापुढे काय चाटायचीय माझी पदवी?

२० मार्च
अध्यक्षांना बजावलं – आत्याचं पान नसेल तर संपादक म्हणून माझंही नाव नको.
"बरं, काढतो," म्हणाले. लगेच!
घरी येऊन रडले. मग अध्यक्षांच्या भावाचं पान पुन्हा वाचलं, आणि हसू आवरेना.

२ एप्रिल
दुपारी दारात आत्या. हातात बॅग, केस ओलेचिंब.
"वकिलाकडून सरळ खाडीवर गेले. घटस्फोट घेतेय. तुझ्या त्या अध्यक्षांना विचार – परत आलेल्या मुली धरतात का?"