शालीचा काठ झाला, मधलं राहिलं

नॉर्विक, अन्स्ट बेट
१२ मे

प्रिय मीमीताईस,

धाकट्या ऑस्लाचा नमस्कार. तुझ्या गुडघ्यांची चौकशी पहिल्याच ओळीत करते, नाहीतर मागच्या वेळेसारखं म्हणशील, की चार पानं मेंढ्यांवर खर्च केलीस आणि सख्ख्या बहिणीला जिवंत आहेस का एवढंही विचारलं नाहीस. तर गुडघे कसे आहेत? लर्विकला दुकानं दारात आहेत म्हणून चालणं सोडू नकोस. इथे आम्ही दोघं ठणठणीत. गिब्बी बोटीला रंग लावतोय (तिसऱ्यांदा. बोट पाण्यात कधी जाणार हे विचारायचं नाही, घरात शांतता हवी असेल तर).

आमच्या नातीला, इंगाला, मुलगी झाली हे तुला कळलंच. बारसं जुलैच्या शेवटच्या रविवारी, आपल्याच चर्चमध्ये. या घरातली अकरा बाळं माझ्या हातच्या शालीत गुंडाळून तिथे गेली, बारावंही तसंच जाणार, हे तुला वेगळं सांगायला नको. काठाची जाळी जानेवारीतच झाली. मधलं जरा मागे पडलंय, पण त्यात माझा काडीचा दोष नाही. (तू म्हणशील, नाचता येईना अंगण वाकडं. म्हण बाई. पण या खेपेला अंगण खरंच वाकडं आहे.)

आधी लोकरीचं ऐक. आपल्या म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्याची लोकर सगळ्यांत मऊ, ती हातानं उपटायची म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी टोपली घेऊन गेले, तर ही बया भिंत ओलांडून किनाऱ्यावर पळाली आणि तीन दिवस शेवाळ खात बसली. आली ती निम्मी लोकर कुंपणाला वाटून. उरली तिचा धागा मी कातला खरा, पण तो मधेच जाड, मधेच बारीक. मग चष्मा. नव्या चष्म्यातून एका टाक्याचे दोन टाके दिसतात, आणि गिब्बीही दोन दिसतात, जिथे एकच पुरे होता. मग माझा कमरेचा कातडी पट्टा, ज्यात सुई खोचून मी चाळीस वर्षं विणलं, तो ह्या गृहस्थानं रंगाचा डबा शिडीला बांधायला नेला. परत मिळाला तो निळा होऊन. अशा परिस्थितीत तीन ओळी विणायच्या आणि चार उसवायच्या, असं चाललंय. टाके आपोआप सुटतात, माझं लक्ष असतानासुद्धा.

त्यात शेजारची बाबी आली. चहा प्यायली, चार बिस्किटं खाल्ली आणि म्हणाली, झालाय तेवढा भाग लग्नाच्या अंगठीतून ओढून दाखव की, शाल किती तलम झालीय ते कळू दे. मी म्हटलं दाखवते. तर अंगठी निघेना. लोणी लावलं, साबण लावला, मेंढीची चरबी लावली. गिब्बी तार कापायची पक्कड घेऊन आनंदानं उभा राहिला (एवढा उत्साह त्यानं लग्नातही दाखवला नव्हता). मी सांगून टाकलं, बाबीच्याच बिस्किटांनी बोटं सुजलीत. ती रुसून गेली, ती अजून फिरकलेली नाही.

बाकी सगळं क्षेम. शाल वेळेवर होईल, तू काळजी करू नकोस.

तुझी,
ऑस्ला

ता. क. सोबतच्या पुडक्यात शाल आहे. मेंढी, चष्मा, पट्टा सगळं खरं आहे, पण ते कारण नाही. बोटं वळत नाहीत गं ताई. डॉक्टरनं फेब्रुवारीतच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. बारीक सुई हातात राहतच नाही. मला फार वाईट वाटतंय, आणि हे मी फक्त तुला लिहितेय. मधलं तू विणून दे. तुझे टाके सैल असतात असं मी जन्मभर चार लोकांत म्हणत आले, त्याबद्दल नंतर बोलू. आत्ता एवढंच कर, की माझ्यासारखे घट्ट विण, म्हणजे कुणाला फरक कळणार नाही. गिब्बीलाही सांगितलेलं नाही. इंगाला तर अजिबात कळता कामा नये.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आत्ताच इंगा बाळाला घेऊन येऊन गेली. मी दार उघडायला गेले ती उघड्या स्वेटरनं, बटणं सकाळपासून लावता आली नव्हती. तिनं मला खुर्चीत बसवलं. बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि खाली बसून एकेक करून सगळी बटणं लावली, गळ्यापर्यंत. मग म्हणाली, "आजी, मीमीआजीला लिहिलंस का?" मी म्हटलं, लिहिलं. तेव्हा ताई, माझी नक्कल करू नकोस. तुझ्या हाताला येतात तसेच टाके घाल, सैल तर सैल. बाळाला काय कळतंय, आणि बाकीच्यांना कळू दे.