अर्ध्या उताराची खुर्ची

प्रिय गिऱ्हाईक,

हसू नकोस. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझ्या लेखी तू गिऱ्हाईकच आहेस, तेही दुकानातलं सगळ्यात कटकटं. लेकीच्या हाती डबा पाठवतोय, त्यातच हे पत्र आहे. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या आजी कान टवकारून बसतात, तिथे माझ्या तोंडून धड काही निघत नाही. भाजीत मीठ कमी पडलंय, सांभाळून घे.

काल डॉक्टरीणबाईंनी तुझा एक्स-रे खिडकीशी धरून मला समजावला. लहानपणी दुखण्याने खाल्लेला तुझा डावा खुबा तेव्हाच्या सर्जननी कायमचा कसा जोडून टाकला, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची खोबण, दोन्ही आतून खरवडून कोऱ्या हाडापर्यंत आणायची, घट्ट बसवून वर पट्टी आणि स्क्रू, मग हाडं एकजीव होईपर्यंत कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर. मी म्हटलं, अहो, आम्हीही जुनं पॉलिश खरवडल्याशिवाय लाकूड जोडायला सरस लावत नाही. पण खरी करामत कोनाची. पाय अगदी सरळ जोडला तर बसता येत नाही, फार वाकवून जोडला तर चालता येत नाही. तुझ्या वडिलांना त्या सर्जननी विचारलं होतं ना, पोरगी पुढे बसून काम करेल की उभ्याने? वडील म्हणाले, दोन्ही. म्हणून तुझा पाय जरासाच वाकलेला. त्या माणसाच्या हाताचा मला हेवा वाटला.

माझा हात कसा, ते तुला ठाऊकच आहे. शिवणकामाला खुर्ची हवी, डाव्या मांडीखाली बैठक उतरती कापून द्या, म्हणत तू दुकानात आलीस. चांगली खुर्ची कापायची म्हणून जिवावर आलं होतं. तरी कापली, पण खुर्चीकडे तोंड करून, म्हणजे माझी डावी बाजू. बसायला गेलीस तर उतार उजवीकडे. तू शांतपणे म्हणालीस, आता दुसराही खुबा जोडून घेते, तुमचं काम वाया जायला नको. मी तिथेच कामातून गेलो. मग दुसरी खुर्ची झाली, मग उंच पलंग, मग सगळं घरच तुझ्या पायाच्या मापाने झालं.

आता त्या पायापायी तुझी कंबर आणि गुडघा थकलेत. जोड सोडवून हलणारा सांधा बसवता येईल, स्नायूंत अजून जीव आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. धोका आहे, काठीही लागेल कदाचित, हेही त्यांनी लपवलं नाही. उद्या सकाळी त्या तुला शेवटचं विचारणार. आणि तू लेकीला म्हणालीस, नको, ह्यांनी जन्मभर केलेलं सामान अडगळीत जाईल.

वेडी आहेस का? ती चुकीची कापलेली खुर्ची मी माळ्यावरून काढली आणि उतारावर लाकूड बसवून बैठक सपाट केली. जोड दिसतो, पण डुगडुगत नाही. भीती वाटून नाही म्हणालीस तर मी चकार शब्द काढणार नाही, भीती मलाही वाटते. पण माझ्या खुर्च्यांसाठी नाही म्हणू नकोस. रोज संध्याकाळी मी दुकानाच्या पायरीवर चहा पितो आणि तू मागे उंच खुर्चीवर असतेस. तुझा आवाज येतो, चेहरा दिसत नाही. एकदा तू शेजारी बसावीस असं मला फार वाटतं. हे कधी बोललो नाही, कारण तुला जमणारं नव्हतं. पायरी जरा बुटकी आहे. तिच्यावर जाड फळी ठोकून ठेवतो, दोघांना पुरेल एवढी.

तुझाच,
सुतार