आयेचा अंगठा

३ नोव्हेंबर, सोमवार
ग्रामपंचायतीतून दाखला मिळाला. ह्यांच्या मृत्यूचा. ग्रामसेवक म्हणाले, नाव नीट बघून घ्या. बघितलं. नाव बरोबर. पण तारीख... होडी उलटली आठ वर्षांपूर्वी. सोबतचे दोघे पोहून आले, हे नाही. आणि दाखल्यावर तारीख गेल्या वर्षीची, कोर्टात दावा लावला त्या दिवसाची. वकील म्हणाले, सात वर्षं खबर नसली की माणूस मेला असं धरतात, नेमका कधी मेला ते कोण सांगणार? म्हणजे कागदाप्रमाणे हे गेले तेव्हा मी मालवणात वकिलांच्या बाकावर बसून चहा पीत होते.
घरी आये सुके बांगडे निवडत होती. आठ वर्षं आम्ही दोघीच, सासू-सून. "कार्डाचा काय झाला गो?" म्हणाली. "होतला, आये." रेशनकार्डासाठी म्हणून मी तिचा अंगठा घेतला होता. प्रतिज्ञापत्रावर. त्यात काय लिहिलंय ते तिला...

६ नोव्हेंबर, गुरुवार
ओरोसला जाऊन आलो. मी नि फ्रान्सिस, वेगवेगळ्या गाड्यांनी. विवाह अधिकाऱ्यांच्या ऑफिसात लग्नाची नोटीस दिली. तो ख्रिश्चन, मी हिंदू, धर्म कोणी बदलायचा नाही, म्हणून विशेष विवाह कायदा. जन्माचे दाखले, रहिवासाचे, फोटो, आणि तो दाखला. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "वैवाहिक स्थिती?" फ्र. म्हणाला, अविवाहित. मी म्हटलं, विधवा. हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला.
मंगळसूत्र कसालच्या स्टँडवर काढून पर्समध्ये ठेवलं होतं. येताना तिथेच परत घातलं.
नोटीस तीस दिवस फळ्यावर राहणार, फोटोसकट. हरकत आली नाही तर नंतर दोन महिन्यांत लग्न लावायचं. साक्षीदार तीन. एक्केचाळीस वर्षांची अंगणवाडीतली बाई आणि पन्नाशीचा मेकॅनिक. पळून जाणार म्हणे.

९ नोव्हें., रवि.
फ्र. जेटीवर कोणाचं तरी इंजिन खोलून बसला होता. जाता जाता बोललो तेवढंच. म्हापशाजवळ खोली बघितलीय त्याने, कामही मिळालंय. सह्या झाल्या की ओरोसवरूनच पुढे जायचं, घरी परत यायचं नाही. मी विचारलं, आयेचं काय? "तिका पण नेवया. पण ती येतली?"
येणार नाही. चार वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलं, वेरावळ बंदरात ह्यांच्यासारखा माणूस दिसला, दाढी वाढवलेला. तेव्हापासून ती दर महिन्याला ह्यांचे शर्ट धुऊन वाळत घालते. कपाटात ठेवून कुबट वास येऊ नये म्हणून.

१७ नोव्हें., सोम.
दोन साक्षीदार फ्र.कडचे, त्याची बहीण आणि एक मित्र. तिसरा माझ्या बाजूचा हवा. अंगणवाडीत माझ्या हाताखाली वैशाली आहे, तिला विचारलं. बराच वेळ खिचडी ढवळत राहिली. "सही करीन, बाई. पण मगे आये माज्या दारात येवन बसली तर मी तिका काय सांगू?" 
माझ्या बाजूचं दुसरं कोण आहे ते आठवत बसले. कोणी नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
कळलं तिला. वाडीतले तात्या जमिनीच्या कामासाठी ओरोसला गेले होते. फळ्यावर माझा फोटो बघितला आणि येऊन थेट तिलाच सांगितलं.
मी आले तेव्हा आये दारापुढच्या खळ्यात बसली होती. माझी ट्रंक उघडी. निकाल, दाखला, सगळे कागद मांडीवर. वाचता येत नाही तिला. म्हणाली, "वाच."
वाचलं. सगळं. अंगठ्यापाशी तिने बोट ठेवलं.
"हो कोणाचो?"
"तुझो, आये."
"रेशनकार्डाचा सांगलंस माका. माज्याच आंगठ्यान माज्या झिलाक मारलंस गो."
लग्नाबद्दल एक शब्द नाही. फ्र.चं नावसुद्धा घेतलं नाही. मी त्या बोलण्याची तयारी करून ठेवली होती. याची नव्हती.

२८ नोव्हें., शुक्र.
आये सकाळच्या एसटीने एकटी ओरोसला गेली. वय चौऱ्याहत्तर. मालवणच्या पलीकडे एकटी कधी गेलेली नाही. कोणाला विचारत गेली असेल? दुपारी ऑफिसातून फोन आला, तुमच्या नोटिशीवर हरकत नोंदलीय. वधूचा पहिला नवरा जिवंत आहे.
संध्याकाळी आली, पाय धुतले, भात टाकला. दोघींचा.
वकील म्हणतात, कोर्टाचा निकाल आहे, हरकत टिकणार नाही. पण अंगठा फसवून घेतला असं ती म्हणाली, तर निकालच धोक्यात. आणि ती तसं म्हणाली तर खोटं काय त्यात.

४ डिसें., गुरु.
आज चौकशी. मी नि आये एकाच गाडीने गेलो, एकाच सीटवर. फ्र. बाहेर व्हरांड्यात उभा.
साहेब मऊ बोलले. "आजी, मुलगा जिवंत आहे याला काही पुरावा? पत्र, फोन?"
"नाय. पण मेलो तो तुमी बघलास?"
साहेबांनी निकालाची प्रत पुढे केली. प्रतिज्ञापत्र दाखवलं. "हा अंगठा तुमचाच ना?"
तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते. एवढं ऐकलं, "माझोच."
"कशावर देताय ते माहीत होतं?"
आये म्हणाली, "माझोच आंगठो तो," आणि उठली.
परतीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसली. कट्टा गावच्या थांब्यावर मी पाण्याची बाटली दिली. घेतली नाही.

८ डिसें., सोम.
हरकत फेटाळली. फ्र. फोनवर आधी हसला, मग त्याला कळलं की मी हसत नाही. "तुका नको आसा काय?" तसं नाही, म्हटलं. गुरुवार, अठरा तारीख ठरवली त्याने. बहिणीने रजा टाकलीय. वैशाली हो म्हणाली, पण रडत.
आये माझ्याशी बोलत नाही. शर्ट मात्र या महिन्यात धुतले नाहीत. मी धुवायला घेतले तर हातातून काढून घेतले.

१५ डिसें., सोम.
बॅग भरलेली नाही. फ्र.चा मेसेज, गुरुवारी सकाळी साडेआठ, मालवण स्टँड. येतलंस मां? उत्तर दिलेलं नाही.
आज दुपारी जेवताना आये बोलली. त्या चौकशीनंतर पहिल्यांदा. ताटातून मान वर न करता फ्र.च्या आईचं विचारलं.
"तेका आवय आसा?"
"नाय. वारली."
"तेना तिका मेलेली बघल्यान?"
"होय. तेनाच माती दिल्यान."
तिने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.
"मगे बरा," म्हणाली. आणि भात मागितला.