पिंपळावरचा पत्रा

जळकोट

प्रिय चैताली,

बंगळुरूला शिकायला जाऊ का, असं विचारून उत्तराची वाट न बघता तू परंड्याला मावशीकडं जाऊन बसलीस. फोन केला तर कट करतेस. कागद मधेच कट होत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

आधी विहारासमोरच्या पिंपळाची खबर. रोप तुझ्या आईनं लावलेलं. ती गेल्यावर त्याला झळ लागू नये म्हणून मी वर पत्रा ठोकला, चहूबाजूंनी निळं कापड बांधलं. वैशाख पौर्णिमेला शेजारच्या मालनबाईंनी बुंध्याशी खीर ओतली. गेलेल्या पोरीच्या हातचं रोप उपाशी कसं ठेवायचं, म्हणाल्या. मुंग्यांची चैन झाली. रोप मात्र पिवळं पडत, लांबुडकं होत कापडाच्या फटीकडं वाकत गेलं.

जाताना तू उंबऱ्यातून म्हणालीस, "बाबा, त्याला भरवू नका. चूल त्याच्या पानात आहे. तुम्ही जाळच बंद केलाय."

तू गेल्यावर तुझं शाळेचं जुनं पुस्तक काढून वाचलं. मुळांनी वर आणलेलं पाणी, पानाच्या बारीक छिद्रांतून आत घेतलेला कर्बवायू आणि ऊन, एवढ्यावर हिरवं पान साखर तयार करतं. वर प्राणवायू आपल्याला देऊन टाकतं. पोरी, मी आयुष्यभर स्वाभिमानावर गरजलो, आणि हे इवलंसं पान कुणाच्या दारात उभं न राहता रोज आपली भाकर आपण करतं! सूर्य त्याला विचारत नाही, तू कुणाचं. पुढच्या जयंतीच्या सभेत हेच मांडायचं ठरवलं आणि मालनबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "नागसेन, लई बोलतोस. आधी पत्रा काढ की."

पत्रा एकदम काढला नाही. सावलीत वाढलेली पानं भर उन्हात करपतात, हे मागं तूच सांगितलं होतंस. आधी पूर्वेचं कापड सोडलं, सकाळचं कोवळं ऊन येऊ दिलं. मग हळूहळू बाकीचं. काल पत्रा उतरवला. पत्रा हातातून सोडवत नव्हता, गल्ली बघत होती, म्हणून गंजलेल्या खिळ्यावर चिडल्यासारखं केलं. आज शेंड्याला नवं पान आलंय. तांबूस. तू जन्मलीस तेव्हा तुझे तळवे असेच होते.

आई गेल्यापासून घरात तुझाच आवाज आहे. सभेत मुलींच्या शिक्षणावर घसा बसेपर्यंत बोलणारा बाप त्या दिवशी तुझ्यासमोर मुका झाला, तो एवढ्यासाठी. आता उत्तर देतो. जा. तुझी मोठी बॅग माळ्यावरून काढून अंगणात उन्हात ठेवली आहे. रविवारी ये आणि भरायला घे. सोलापूरला गाडीत बसवायला मी येईन. फलाटावर भाषण करणार नाही.

तुझाच,
बाबा