मागच्या अंगणातलं कात्सुदोन

६ जानेवारी, रविवार

आज पुन्हा ताट तसंच परत. वरण, भात, तूप, लिंबाची फोड — सगळं गार. हे असं तोंड मिटून बसतात की चमचा शिरत नाही. मी ओरडले. "अहो, गिळा की! कोणावर सूड उगवताय?" मी ओरडले की खाली बघतात. शाळेतल्या पोरासारखे. मग मला अजून राग येतो.

मेंदूचा झटका येऊन गेल्यापासून डोकं असं झालंय. कधी मला ओळखतात, कधी नाही. पण जेवत तरी होते. आता तेही नाही. डॉक्टर म्हणाले, "ऐसे ही चला तो नाक से नली डालनी पड़ेगी." नळी घातली की माणूस गेलाच. शेजारच्या गल्लीतल्या आबासाहेबांचं बघितलंय मी.

ग्वाल्हेरहून अहिल्यावन्संचा फोन. ह्यांची धाकटी बहीण. "वहिनी, राग मानू नका, पण तुमच्या हातचं दादाला जात नसेल तर मी घेऊन जाते." माझ्या हातचं जात नाही! लग्न झाल्यापासून कोणाच्या हातचं जात होतं मग?

म्हटलं, न्या. खुशाल न्या. संक्रांत झाली की पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतायत.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. मला झोप हवी आहे.

७ जानेवारी, सोमवार

अर्धं केळं. तेही थुंकलं.

८ जानेवारी, मंगळवार

सकाळी चहा देताना वैतागून म्हटलं, "काय खायचं ते एकदा सांगा, नाहीतर बसा उपाशी."

तर बोलले! स्पष्ट बोलले — "कात्सुदोन."

"काय?"

"कात्सुदोन. आज मंगळवार ना?"

मला वाटलं जीभ पुन्हा अडकली. पण तीनदा विचारलं, तीनदा तेच. लेकीला, बकुळला, पुण्याला फोन केला. तिने लगेच मोबाइलवर शोधून काढलं. जपानी पदार्थ. भातावर कांदा, त्यावर तळलेला कटलेट, त्यावर अंडं. आधी हसत होती. मग वाचता वाचता थांबली. म्हणाली, "आई... वो पोर्क का होता है. डुकराचं."

मी फोन ठेवला. जिन्यावर बसून राहिले.

९ जानेवारी, बुधवार

डोक्यातून जात नाही.

बकुळ वर्षाची होती तेव्हा रेल्वेने ह्यांना सहा महिने जपानला ट्रेनिंगला पाठवलं. सासूबाईंनी जाताना गळ्यात तुळशीची माळ घातली आणि शपथ घातली. परत आले ते वाळून. सांगायचे, "भात आणि केळी. दुसरं काही तोंडात घातलं नाही." झालं! सासूबाईंनी सगळ्या झाशीत डंका पिटला. हळदीकुंकू असो, बारसं असो — माझा रमाकांत परदेशात राहून भात-केळ्यांवर निभला! मी कधी चोरून अंडं उकडलं की तीच गोष्ट मला ऐकवायच्या. शेवटपर्यंत ऐकवली.

आणि हा माणूस दर मंगळवारी डुक्कर खात होता!

रागाने हसू आलं. ह्यांच्यासमोर उभी राहून हसले. ते पण हसले. कशाला ते माहीत नसताना.

१० जानेवारी, गुरुवार

आज काहीच खाल्लं नाही. पाणीसुद्धा ओठावरून ओघळलं.

मग गेले शेजारी डोरीनकडे. डोरीन म्हणजे रेल्वे हॉस्पिटलातून रिटायर झालेली नर्स, एकटी असते. तिचे वडील स्टेशनावरच्या रिफ्रेशमेंट रूमचे कुक होते. दारातच म्हटलं, "डोरीन, सूअर का मांस कहाँ मिलेगा?"

ती चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली. "इंदू, तबीयत ठीक है ना?"

सगळं सांगितलं. भात-केळ्यांचं पण. ती इतकी हसली की खोकला लागला. म्हणाली, "रमाकांत भैया? वो माला वाले? हे भगवान!" मग म्हणाली, संडे को मेरा भाई लाता है, तेरे लिए भी बोल दूँगी. "लेकिन पकाएगी कहाँ? तेरे किचन में तो भगवान बैठे हैं."

ते खरंच. म्हटलं, मागच्या अंगणात. सासूबाई असताना माझी अंडी तिथेच उकडायची.

"और किसी को बोलना मत," मी म्हटलं.

"किसको बोलूँ? यीशु को?"

१३ जानेवारी, रविवार

फजिती.

बकुळने पाठवलेला व्हिडिओ पाहून पाहून केलं. त्यात ती बाई मांस कच्चंच तळते. मला धीर होईना — डुकरात जंत असतात म्हणतात. म्हणून हळद-मीठ लावून आधी कुकरच्या शिट्ट्या काढल्या. तुकड्यांचा पार चोथा झाला. चुऱ्याला ब्रेड वाळवायचा होता, तर मी घरातले टोस्ट कुटले. तळताना वास आला तेव्हा कळलं — टोस्ट गोड, वर बडीशेपेचे! अंडं ती बाई अर्धकच्चं ठेवते. असं कसं ठेवायचं? मी चांगलं कडक केलं.

आणि ताट वाढलं. सवयीने हो! डावीकडे मीठ, लिंबू, चटणी. मध्ये भाताची मूद. उजवीकडे कटलेट, खाली कांदा, बाजूला अंडं. वर थोडं तूप पण सोडलं. नैवेद्यासारखं!

ह्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हे माझं नाही. दुसऱ्या कोणाचं दिलंत." आणि ताट हाताने लांब सारलं.

मग मी काय काय बोलले ते लिहीत नाही. डोरीन भिंतीवरून म्हणाली, "इंदू, बस कर, पूरी गली सुन रही है."

१४ जानेवारी, सोमवार

कुत्र्याने खाल्लं. त्याला आवडलं.

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आज मांसाचं नाव नको. तिळगूळ हातात दिला तर मुठीत धरून बसले. चिकट झाली मूठ. धुताना पाहिलं — मनगट माझ्यापेक्षा बारीक झालंय.

डॉक्टरांनी शनिवारपर्यंत थांबू म्हटलंय. मग नळी.

वन्सं म्हणतात, ग्वाल्हेरला मोठं हॉस्पिटल आहे, तिथेच घालू. किती सहज म्हणतात.

१६ जानेवारी, बुधवार

सगळं ओळीने लिहिते.

उरलेलं मांस डोरीनच्या फ्रीजमध्ये होतं. ती म्हणाली, इस बार मैं खड़ी रहूँगी, तू चुपचाप कर. अंगणात शेगडी पेटवली. धुकं होतं, थंडी मरणाची. मी डोक्याला-कानाला रुमाल घट्ट गुंडाळला, वरून डोरीनचा एप्रन. डोरीनने तुकडे वरवंट्याने हलके ठेचले. मीठ-मिरी, मैदा, अंडं, मग साध्या ब्रेडचा चुरा. तळलं. कुकर नाही, हळद नाही. कढईत कांदा, पाणी, साखर आणि सीपरी बाज़ारच्या चाऊमीनवाल्याकडून आणलेला सोया सॉस. त्यात कटलेट कापून ठेवले, वरून फेटलेलं अंडं. मी पुढे ढवळायला गेले तर डोरीनने हातावर मारलं. "हिलने दे, अभी उतार!" अंडं थलथलत होतं. भात मुद्दाम आसट केला होता. तिच्या सूपच्या वाडग्यात भात, त्यावर ते सगळं सरकवलं, वर बशी झाकली.

मांस घरात नको म्हणून ह्यांना अंगणातच आणलं होतं. भिंतीशी बाकड्यावर बसवलं. मी वाडगा पुढे ठेवला आणि मुद्दाम काही बोलले नाही — डोरीन डोळे वटारून उभी होती ना.

ह्यांनी झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. मग — मी डोळ्यांनी पाहिलं — हात मानेकडे गेला, माळ काढली, दुमडून शर्टाच्या खिशात ठेवली, खिशावरून हात फिरवला. किती सराईत हात! शर्टाची बटणं लावता येत नाहीत, पण हे येतं!

आणि खाल्लं. चमच्याने, हळूहळू, एकेक तुकडा. शेवटचं शीतसुद्धा खरवडलं. मग मला पाहून बसल्याबसल्या कमरेत वाकले. "बाई, फार छान. तुमच्याकडे आलं की बरं वाटतं."

तुमच्याकडे!

डोरीनने तोंडावर हात धरला. मी भांडी घेऊन नळाकडे गेले.

१७ जानेवारी, गुरुवार

पुन्हा केलं. पुन्हा खाल्लं. रुमाल नि एप्रन आज मुद्दाम घातला. काढला असता तर?

आज बोलत होते. मराठीच, पण सावकाश, शब्द तोडून, परक्या माणसाला समजावं तसं. "घर. लांब. झाशी." मी मान हलवली. "बायको आहे. लहान मुलगी आहे." मी मान हलवली. "बायकोचा आवाज मोठा आहे." मी गप्प! मी, इंदू, गप्प! "आई तिला बोलते. मग ती मला बोलते. मला उत्तर सुचत नाही. मग मी जेवत नाही."

असं. म्हणजे असं आहे.

जीभ चावून धरली. किती उत्तरं होती माझ्याकडे. कोण उठत होतं पहाटे पाण्याला? कोणाच्या आईची उष्टी काढली मी? पण वाडगा अजून अर्धा होता. बोलले असते तर अर्धाच राहिला असता.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवलात?"

लग्न झाल्यापासून ह्या माणसाने हे मला कधी विचारलं नाही. मी मान हलवली, नाही. तर एक तुकडा झाकणाच्या बशीत काढून माझ्यापुढे सरकवला. खाल्ला मी. मीठ थोडं कमी होतं.

१८ जानेवारी, शुक्रवार

मांस संपलं. बटाट्याचा कटलेट करून तसंच वर अंडं घातलं. "आज वेगळं आहे," म्हणाले, "पण चालेल." सगळं संपवलं.

दिवसभर मी ब्र काढला नाही. घसा दुखतोय. न बोलल्याने घसा दुखतो हे मला माहीत नव्हतं.

१९ जानेवारी, शनिवार

डॉक्टरांनी वजन केलं. नळी नको म्हणाले. "क्या खिला रही हैं?" मी म्हटलं, भात.

तरी वन्संना नको म्हटलं नाही. ह्यांची बॅग भरली. स्वेटर, औषधं, पायजमे. डोरीन दारात उभी राहून बघत होती. "अब तो खा रहे हैं. फिर क्यों भेज रही है?"

म्हटलं, डोरीन, ते माझ्याकडे खात नाहीत, कुठल्या तरी जपानी बाईकडे खातात. मी रोज ती बाई होऊन उभी राहते. कंबर मोडते, तोंड शिवून घ्यायचं, आणि माझ्याच घरात मी नाही. असं किती दिवस करू? मरेपर्यंत?

ती म्हणाली, "ननद को रेसिपी देगी?"

"वन्संना? डुकराची?"

दोघी हसलो. मग मला रडू आलं, तर ती घरी निघून गेली. समजूतदार आहे.

वन्संच्या घरी सगळे एकदम बोलतात. मोठ्याने. जेवताना तर जास्तच.

पण मी थकले आहे. खरंच थकले आहे.

२० जानेवारी, रविवार

वन्सं गाडी घेऊन आल्या. हे अंगणात जेवले होते, मी अजून एप्रनमध्येच. वन्सं म्हणाल्या, "दादा, चल घरी." तर काय चेहरा फुलला! "घरी? झालं ट्रेनिंग?" वन्सं डोळे पुसत मला म्हणाल्या, "बघा वहिनी, कसा निघाला!" हे माझ्यासमोर आले, कमरेत वाकले. "येतो, बाई. घरी बायको वाट बघत असेल."

मी गप्पच. वाकले मी पण. काय करणार होते?

बसले. दार लागलं, गाडी हलली. तर ह्यांच्या मफलरचं टोक दारातून बाहेर, पार चाकाशी लोंबतंय! आणि माझं तोंड सुटलं. "अहो! मफलर! मफलर आत घ्या! फास बसेल गळ्याला, अक्कल कुठे गहाण टाकलीत?" गल्लीतली कबुतरं उडाली. चार दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं.

गाडी थांबली. काच खाली. माझ्याकडे बघत राहिले. रुमालाकडे नाही, तोंडाकडे.

"इंदू?"

दार उघडून उतरले. बॅग ओढून घेतली. वन्संना हात जोडून म्हणाले, "येतो हं. माझं स्टेशन आलं."